खडे निवडताना

यंदाच्या पावसाळ्यात आमच्या घरी एक कॅसेट आली. काळी, जाडजूड, व्हीएचएसची, तीन तासांची. कडेला चिकटवलेल्या कागदावर निळ्या शाईत माझ्या थोरल्या बहिणीचं आणि दाजींचं नाव, आणि खाली '१९९३'. इतकी वर्षं ती अक्काच्या सासरी चिकोडीला ट्रंकेत, रेशमी साड्यांच्या तळाशी होती. भाचीचं लग्न मार्गशीर्षात ठरलंय. हॉलवाल्यांनी एलईडीचा मोठा पडदा लावून देतो म्हटलंय, आणि भाचीच्या डोक्यात आलं की आईबाबांच्या लग्नाची फिल्म त्यावर दाखवायची. "मामा, तुला कॉम्प्युटरमधलं सगळं येतंय की. एवढं क्लीन करून दे," म्हणून तिनं ती माझ्या हातात ठेवली.

सगळं वगैरे काही येत नाही. मी अर्थशास्त्र शिकवणारा माणूस. पण गेली काही वर्षं शेजारपाजारच्या मुंजी-बारशांच्या कॅसेटी संगणकावर उतरवून देण्याचा नाद लागलाय, आणि आमच्याच कॉलेजातल्या बीसीएच्या एका मुलानं मला त्यातली स्क्रिप्टची वाट दाखवली. या कॅसेटीचं मात्र वेगळं होतं. आमच्या आप्पांचं हलतंचालतं चित्र जगात फक्त या एका फितीवर आहे. १९९८ साली ते गेले.

व्हीसीआर आता नवा मिळत नाही. जपानच्या फुनाई कंपनीनं २०१६ च्या जुलैत आपलं उत्पादन थांबवलं, आणि तो धंदाच संपला. खडेबाजारातल्या एका दुरुस्तीवाल्याकडून मी जुना व्हीसीआर आणला. कॅसेटीच्या खिडकीतून बघितलं तर फितीच्या कडेला पांढरी बुरशी. बेळगावच्या हवेत दुसरं काय होणार! अशी फीत तशीच यंत्रात घालायची नसते, यंत्राचं डोकं खराब होतं आणि फीतही तुटते. ती त्याच्याचकडून साफ करून घेतली, आणि दोन तास चाळीस मिनिटांचं लग्न संगणकावर उतरवलं. उतरवताना ते दाबून लहान करायचं नाही, जसं आहे तसं घ्यायचं, हा या कामातला पहिला नियम. फाईल झाली ८५ जीबीची.

आता त्या चित्राविषयी थोडं सांगायला हवं. जुन्या टीव्हीचं चित्र एकसंध नसायचं. आपल्याकडच्या पाल पद्धतीत सेकंदाला २५ चित्रं, पण प्रत्येक चित्र दोन अर्ध्यांत. आधी एकाआड एक ओळी, आणि सेकंदाच्या पन्नासाव्या हिश्शानं उरलेल्या. जुन्या पिक्चर ट्यूबवर ते खपून जायचं. आजच्या सपाट पडद्यावर दोन्ही अर्धी एकदम दिसतात, आणि कुणी हात हलवला की हाताच्या कडेला फणीचे दात फुटतात. त्यात व्हीएचएसचा रंग शेजारी ओघळतो, अंधारात मुंग्या वळवळतात, आणि जिथं फितीचा मुलामा झिजलाय तिथं क्षणभर पांढरी रेघ चमकून जाते.

यावर उपाय म्हणजे एव्हीसिंथ. फुकट मिळणारा, २००० सालापासूनचा प्रोग्राम. त्याला बटणं नाहीत, खिडक्या नाहीत. साध्या नोटपॅडमध्ये चार-सहा ओळी लिहायच्या, ही झाली स्क्रिप्ट. एकेक ओळ म्हणजे एकेक चाळण. चित्र वरून ओतायचं, ते सगळ्या चाळण्यांतून खाली येतं आणि एक्स-२६४ नावाच्या एन्कोडरच्या हातात पडतं. तो ते दाबून, आवळून पेन ड्राइव्हवर मावेल असं करतो.

चाळण्यांचा क्रम मात्र स्वयंपाकासारखा सांभाळावा लागतो. आधी निवडायचं, मग धुवायचं, मग शिजवायचं. पहिली ओळ कोणती अर्धी आधीची ते सांगणारी. ती चुकली की नवरी दोन पावलं पुढं, एक पाऊल मागं अशी चालते. दुसरी कापणीची. व्हीएचएसच्या तळाच्या दहा-बारा ओळी नेहमी फाटलेल्या असतात, कडेला काळ्या पट्ट्या असतात. त्या सुरुवातीलाच कापल्या तर पुढच्या प्रत्येक चाळणीचं काम हलकं होतं. पण वरून कापताना ओळी चारच्या पटीत कापायच्या, नाहीतर अर्ध्यांची अदलाबदल होते किंवा रंग चुकीच्या अर्ध्यात जातो. तिसरी ओळ फणीचे दात काढणारी. त्यासाठी क्यूटीजीएमसी नावाची जी स्क्रिप्ट आहे तिच्या तोडीचं मला अजून काही मिळालेलं नाही. ती प्रत्येक अर्ध्यापासून एक पूर्ण चित्र उभं करते, म्हणजे सेकंदाला ५० चित्रं. उंची-रुंदी बदलायची ती त्यानंतरच. आधीच बदलली तर दोन क्षण एकमेकांत कालवले जातात आणि मग ब्रह्मदेवालाही ते वेगळे करता येत नाहीत. (पडदा रुंद आहे म्हणून चौकोनी चित्र ताणून बसवण्याचा भाचीचा आग्रह होता. तिला सांगितलं, तुझी आई त्यात वीस किलो जास्त दिसेल. विषय मिटला.)

हे सगळं जुळवलं आणि वेग मोजला. एव्हीएसमीटर नावाचं एक छोटं साधन एन्कोडर न जोडताच नुसत्या स्क्रिप्टचा वेग सांगतं. सेकंदाला सहा चित्रं! दोन तास चाळीस मिनिटांची, सेकंदाला ५० प्रमाणे ४,८०,००० चित्रं होतात. भागाकार करा, बावीस तासांहून जास्त. जुलैमध्ये आमच्या गल्लीत सलग बावीस तास करंट राहिला तर पेढे वाटावे लागतील. यूपीएस पंधरा मिनिटं तग धरतो. दोनदा लावलं, दोनदा मध्येच गेलं. तेव्हा कळलं की या कामात वेग ही चैन नाही. जे एका रात्रीत होत नाही ते आमच्याकडे होतच नाही.

बहुतेक जण इथं एक चूक करतात, मीही केली. एन्कोडरचा वेग वाढवायला गेलो. त्याला 'स्लो'वरून 'अल्ट्राफास्ट'वर नेलं. वेळ तेवढाच लागला, आणि चित्र बिघडलं ते वेगळंच. एक बाई भाकरी थापतेय, दुसरी भाजतेय. थापणारी जर मिनिटाला एक थापत असेल तर तुम्ही तवा दुप्पट मोठा आणून काय उपयोग? अडलंय ते थापणीत. एन्कोडर आधीच हात बांधून बसला होता. मग त्याला परत 'स्लो' केला, दर्जाचा आकडा १८ ठेवला (हा आकडा जितका लहान तितकं चित्र चांगलं आणि फाईल मोठी), आणि थापणीकडे वळलो.

क्यूटीजीएमसीचे 'प्लासिबो'पासून 'ड्राफ्ट'पर्यंत दर्जे आहेत. काही न सांगितल्यास ती 'स्लोअर' धरते. व्हीएचएसच्या चित्रात मुळातच तपशील कमी, त्यावर इतका बारीक विचार करून हाती काही लागत नाही. 'मिडियम' केलं, फरक डोळ्याला दिसेना. दुसरं असं की, कोणती वस्तू कुठून कुठं सरकली हा हिशेब क्यूटीजीएमसी करते, आणि सफाईची चाळण तोच हिशेब पुन्हा पहिल्यापासून करत होती. तो एकदाच करून दोघींत वाटून दिला. सगळ्यात शेवटी 'प्रीफेच' ही ओळ, म्हणजे किती कामकरी एकदम लावायचे ते. मी आठ लावले तर आठ जीबीची मेमरी भरली आणि सगळेच एकमेकांच्या पायात येऊन वेग उलट कमी झाला. चारवर गाडी रुळावर आली. सेकंदाला चोवीस चित्रं. साडेपाच तास. जेवून लावलं की पहाटेपर्यंत तयार.

सफाईच्या चाळणीचं राहिलं. ती काम कशी करते? एक चित्र घेते, त्याच्या आधीचं आणि नंतरचं बघते. जे तिन्हींत आहे ते खरं. जे एकाच चित्रात क्षणभर दिसलं आणि गेलं, तो कचरा. घरी काकू तांदूळ निवडायची तेव्हा सूप डोळ्यांजवळ धरून हेच करायची, सारखं दिसेल ते ठेवायचं, वेगळं दिसेल ते बाजूला. फितीवरच्या पांढऱ्या रेघा काढायला मी एक वेगळी, डाग टिपणारी चाळणही जोडली होती. ती जोडल्यावर आकडे कसे बसतात हे बघायला सगळं लग्न चालवत बसत नाहीत. दर मिनिटातला एक सेकंद घेऊन १६० सेकंदांचा नमुना करायचा आणि त्यावर पारख करायची. मी तो नमुना जुन्या आणि नव्या चित्राची जोडी लावून दोनदा बघितला. पंगत, आहेर, रुखवत, सगळं लखलखीत.

रविवारी पेन ड्राइव्ह घेऊन चिकोडीला गेलो. टीव्हीवर लावलं. "चलो आगेद," दाजी म्हणाले. दाजींच्या आईला आम्ही सगळे अव्वाच म्हणतो. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून त्या टीव्हीच्या अगदी पुढ्यात खुर्ची घेऊन बसतात. मंगलाष्टकं सुरू झाली, म्हणजे दिसायला लागली. आवाज नाहीच. व्हिडिओवाल्यानं त्यावर सिनेमाची गाणी चढवून ठेवलीत, आणि मध्येच गुलाबाच्या फुलातून नवरानवरीचे चेहरे बाहेर येतात. अव्वांनी मान वळवली आणि विचारलं,

"अक्कीकाळ एल्लि?"

आधी सगळे हसले. मग मी बघितलं. अंतरपाट धरलाय, मंडपभर माणसं हात वर करताहेत, मुठी उघडताहेत, आणि एकाही हातातून काही पडत नाही. डास हाकलल्यासारखी सगळी वऱ्हाडी मंडळी रिकामे हात झाडत होती. अक्षता गायब.

त्यानंतर कॅमेरा डावीकडे फिरतो. मंडपाच्या खांबाशी आप्पा उभे आहेत. हात छातीपर्यंत वर येतो, पुढं होतो, खाली जातो.

"आप्पांनी तर टाकल्याच नव्हत्या," अक्का म्हणाली. "तेवढं बरोबर आलंय."

दाजी चहाचं बघायला आत गेले.

इथं थोडं मागं जावं लागेल. १९९३ म्हणजे बेळगावच्या १९८६ च्या आंदोलनाला सात वर्षं झाली होती. आप्पा त्या वेळी रस्त्यावर होते. त्यांच्या मुलीनं कन्नड घरातला मुलगा पसंत केला, स्वतःहून. आप्पा नाही म्हणाले नाहीत, हो पण म्हणाले नाहीत. आई आधीच गेलेली, त्यामुळे कन्यादान काका-काकूंनी केलं आणि आप्पा खांबाशी उभे राहिले. अक्का अंतरपाटाच्या पलीकडे, तिला काही दिसलं नाही. पण लग्नानंतर एका चुलतबहिणीनं तिच्या कानात घातलं की आप्पांनी अक्षता टाकल्या नाहीत, नुसता हात वर केला. पुढची दोन वर्षं आप्पा चिकोडीला गेले नाहीत. भाची झाल्यावर गेले, नंतर जात राहिले, कन्नडमध्ये नातीशी बोलायलाही शिकले. तरी ती गोष्ट अक्काच्या मनात जिथं बसली होती तिथंच राहिली. मी बारा वर्षांचा होतो, मंडपात आइस्क्रीमच्या मागं. मला काहीच आठवत नाही.

परतीच्या बसमध्ये माझी चूक माझ्या लक्षात आली. हवेतला अक्षतेचा दाणा प्रत्येक चित्रात वेगळ्या जागी असतो. पांढरा, बारीक, क्षणभराचा. माझ्या चाळणीच्या लेखी तो डागच. आणि नमुना? अक्षता पडतात त्या प्रत्येक 'सावधान'नंतर, दोन-तीन सेकंद. मिनिटातला एक सेकंद उचलणाऱ्याच्या हाती त्या लागल्याच नाहीत. नमुना निवड मी वर्गात शिकवतो, परीक्षेला प्रश्नही काढतो.

रात्री डाग टिपणारी ओळ बंद केली. अक्षता परत आल्या, मंडपाच्या मधोमध, हॅलोजनच्या उजेडात. पण आप्पांचा कोपरा अंधारा. तिथं मुंग्या इतक्या की दाणे आहेत की नाहीत काही कळेना. म्हणून तर तीस वर्षांत मूळ कॅसेट बघूनही कुणाला कळलं नव्हतं.

एव्हीसिंथमध्ये 'सबट्रॅक्ट' म्हणून एक आज्ञा आहे. दोन चित्रं द्यायची, ती एकातून दुसरं वजा करते. जिथं दोन्ही सारखी तिथं सपाट राखाडी रंग, जिथं फरक तिथं उजळ किंवा काळं. मूळ चित्रातून साफ केलेलं वजा केलं की चाळणीनं काय काय फेकून दिलं तेवढंच उरतं. खरं तर हे काम प्रत्येकानं आधी करायचं असतं. साफ झालेलं चित्र बघून सगळेच खूश होतात, सुपाखाली काय पडलंय ते कुणी बघत नाही.

राखाडी पडद्यावर मुंग्यांचा भुरका होता. काही आडव्या रेघा होत्या. आणि मंडपाच्या मधल्या भागात नुसता पाऊस, तिरप्या, बारीक, पांढऱ्या ठिपक्यांचा. आप्पांच्या त्या दोन सेकंदांची १०० चित्रं मी एकेक करून पुढं सरकवली. हात पुढं होतो तिथं, बोटांच्या पुढ्यात, एक फिकट काडी. पुढच्या चित्रात ती वीतभर पुढं, जरा वर. त्याच्या पुढच्यात आणखी पुढं, आता खाली वळलेली. असे पाच दाणे मोजले. त्यातल्या तिघांचा माग चार-चार चित्रांपर्यंत लागला. मग ते पुढच्या माणसाच्या पांढऱ्या सदऱ्यात हरवले.

त्या आठवड्यात अक्का बस्ता बांधायला बेळगावला आली. दुपारी वर माझ्या खोलीत डोकावली. "काय करूलालास रे?" मी काही न बोलता खुर्ची दिली आणि चार चित्रं एकामागून एक दाखवली. तिनं बघितली. मग विचारलं, आणि ते मी अपेक्षिलं नव्हतं,

"हे फितीवरचे डाग नव्हेत कशावरून?"

मी सांगितलं. फितीचा डाग नेहमी आडवा असतो, कारण चित्र ओळीओळीनं फितीवर भरलेलं असतं. तो येतो आणि पुढच्या चित्रात नाहीसा होतो, पुढं सरकत नाही. फेकलेल्या दाण्यासारखा आधी वर आणि मग खाली तर मुळीच जात नाही. तिनं कीबोर्ड स्वतःकडे ओढला. बाणाचं बटण दाबून पुढं गेली, मागं आली, पुढं गेली. खालून भाची हाका मारत होती, दुकान बंद होईल म्हणून. अक्कानं सबट्रॅक्टची खिडकी बाजूला करायला लावली आणि मूळ चित्र मोठं करून मागितलं.

"डाव्या हातात बघ," ती म्हणाली. "ती ब्राऊन पर्स माझी आहे."

माझ्या साफ केलेल्या प्रतीत तिथं नुसता तपकिरी डाग होता. मी त्याला धोतराचा सोगा समजलो होतो.

आप्पांच्या मनात काय होतं ते मी सांगू शकत नाही. पाच दाणे म्हणजे काही मूठभर नव्हेत. बाकीचे अंधारात पडले असतील, किंवा त्यांनी पाचच टाकले असतील. अक्कानंही पुढं काही विचारलं नाही. पदर सारखा करून खाली गेली.

स्क्रिप्ट मी नव्यानं लिहिली. 'ट्रिम'नं लग्नाचे तुकडे केले. पंगत, आहेर आणि फोटोंना पहिलीच चाळणी. गुलाबाच्या फुलांना सफाईच नाही, त्यात माणसं अशी नाहीतच, तेवढाच वेळ वाचला. मंगलाष्टकांच्या अकरा मिनिटांना डाग टिपणारी ओळ काढली आणि सफाईचा जोर निम्म्यावर आणला. उरलेल्या आडव्या रेघांपैकी ज्या चेहऱ्यावर येत होत्या त्या चित्रांपुरती ती ओळ हातानं लावली, एकूण २३ चित्रं. सगळे तुकडे परत सांधले. या वेळी नमुना घेतला नाही, अकराही मिनिटं सबट्रॅक्ट लावून बघितली. त्यात अजूनही थोडे दाणे फेकले जाताहेत. जोर आणखी कमी केला तर मुंग्या इतक्या वाढतात की मोठ्या पडद्यावर डोळे दुखतील. इथं कुठंतरी थांबावं लागतं.

रात्री साडेदहाला लावलं. करंट गेला नाही. पहाटे चारच्या सुमाराला फाईल तयार होती, पावणेपाच जीबी.

भाचीनं फोनवरच तक्रार केली. "मामा, बाकी मस्त झालंय, पण मंगलाष्टकाला मध्येच घाण का दिसतंय? तेवढं परत क्लीन कर की." मी काही बोलायच्या आत मागून अक्काचा आवाज आला, कन्नडमध्ये, तशीच राहू दे म्हणून, आणि फोन ठेवला गेला.